गुलाबाच्या वाफ्यातली कामोणी

मित्रांनो, माझं नाव कामोणी. गुलाबासारखं मला कुणी रोपवाटिकेतून पिशवीत घालून आणत नाही. मी मोरीच्या पाण्यावर वाढलेलं साधंसुधं झुडूप आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझ्याशी कोण कसं वागलं, ते मी विसरत नाही. ही गोष्ट मी रागातच सांगणार आहे, तेव्हा गोड शब्दांची आशा धरू नका.

माझी फळं वाटाण्याहून लहान. आधी हिरवी असतात, मग काळीभोर होतात. हिरवी असताना आतल्या बिया तयार झालेल्या नसतात. तेव्हा कुणी हात लावू नये म्हणून मी फळात कडवट विष भरून ठेवते. ते माझं कुलूप आहे. फळ काळं झालं की मीच कुलूप काढते आणि गोडी भरते. मग पाखरांनी खावं, पोरांनी खावं, माझी काही हरकत नसते. यात लबाडी कसली? तरीही लोकांनी मला काय काय म्हटलं, ते आता ऐका.

सुप्याच्या अलीकडच्या एका गावात, बुद्धविहारामागच्या गल्लीत आक्काबाईचं पत्र्याचं घर आहे. तिच्या मोरीच्या कडेला मी उगवले. दुसरी कुणी असती तर तिने भांडी घासता घासता मला उपटून फेकलं असतं. आक्काबाईने माझ्याभोवती विटा लावल्या. आठवड्यातून एकदा ती माझा कोवळा पाला खुडायची, उकळून त्याचं पाणी टाकून द्यायची आणि मुगाची डाळ, लसूण घालून भाजी करायची. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. कुणाचं तोंड आलं की हमखास आक्काबाईकडे निरोप यायचा. तेव्हा मला सगळे चांगलं म्हणायचे.

आक्काबाईला मूलबाळ नाही. तिचा पुतण्या भीमराज लहान असताना त्याचे आईबाप साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे आणि तो थंडीचे महिने आक्काबाईच्या कुशीत काढायचा. माझ्याच भाजीवर तो वाढला. आता तो सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत आहे. त्याच अंगणात पुढच्या बाजूला त्याने स्लॅबचं घर बांधलं. त्याची बायको शुभांगी आणि पाच वर्षांची मुलगी यशू. यशूचा सगळा दिवस आमच्याच मोरीजवळ जायचा. आक्काबाई तिला म्हणायची, झाडाला हात लावू नको, मी देते. मग ती स्वतः निवडून काळी फळं तिच्या तळहातावर ठेवायची. पोरीचे ओठ जांभळे व्हायचे आणि दोघी हसायच्या. आक्काबाईच्या जगण्यात तेवढंच एक सुख होतं, हे लक्षात असू द्या.

मग एप्रिल आला. जयंतीची मिरवणूक झाली, गाडीवर बर्फाचे गोळे आले, आणि दुसऱ्या दिवशी यशूला उलट्या सुरू झाल्या. सकाळी शुभांगी मोबाईल कानाला लावून माझ्याजवळ आली. घरात नवरा होता, म्हणून बोलायला ती मोरीकडे आली होती. पलीकडे तिची बहीण असावी.

"गोळा मीच घेऊन दिला गं," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीचा घसा आधीच धरला होता. यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. मी सांगितलं, काकींच्या झाडाची काळी फळं खाल्ली म्हणून."

मित्रांनो, मला कान नाहीत असं तुम्हांला वाटत असेल. मी एकूण एक शब्द ऐकला. मला फक्त तोंड नव्हतं.

त्याच दुपारी भीमराज खुरपं घेऊन आला. पाठीवर तणनाशकाचा पंप होता. आक्काबाई आडवी आली. ती म्हणाली, "भीम्या, तू ह्याच्यावरच वाढला ना? तुला कवा काय झालं?" त्याने मान वर केली नाही. "काकी, पोरगी हाय माझी," एवढंच तो म्हणाला आणि त्याने मला मुळासकट ओढलं. उरलेल्या जागेवर फवारा मारला. पुढच्या आठवड्यात अंगणाच्या मधोमध सिमेंटच्या ब्लॉकची भिंत उभी राहिली. यशूला पलीकडे जायची बंदी झाली.

गल्लीनेही हात धुवून घेतले. शेजारच्या साळूबाईने तर शेवटची नेलेली भाजीची वाटी झाकणसुद्धा न उघडता परत आणून ठेवली. पोरं आक्काबाईच्या दारावरून पळत जायला लागली. ज्या बाईच्या हातचं खायला रांग लागायची, तिच्या हातचं पाणी प्यायलाही लोक कचरायला लागले. भिंतीपलीकडून यशूची हाक यायची, "आजी," आणि लगेच शुभांगी तिला आत ओढून न्यायची. आक्काबाई हातातलं काम टाकून भिंतीकडे बघत बसायची. मला वाईट वाटलं म्हणून सांगत नाही. मला संताप आला.

तुम्ही विचाराल, मला उपटलं होतं तर मी हे पाहिलं कसं? माझ्या जातीला मारून टाकणं एवढं सोपं नाही. आक्काबाईने माझ्या पिकल्या फळांचं बी राखेत चोळून एका डबीत ठेवलं होतं. त्या डबीत मी होते. चुलीजवळच्या फळीवर बसून मी रोज एकच गोष्ट घोकत होते. शुभांगीला हे फेडायला लावायचं.

आक्काबाईच्या मनातही तेच शिजत होतं. पावसाळा लागला तेव्हा शुभांगीने घरापुढे वाफा केला, लाल माती टाकली, त्यात गुलाबाची कलमं लावली. एके दिवशी ती बाजाराला गेली असताना आक्काबाईने डबी उघडली. भिंतीजवळ उपडं घमेलं ठेवून ती त्यावर चढली आणि मूठभर राख तिने पलीकडे वाफ्यात उधळली.

"जा," ती मला म्हणाली. "तिच्या दारात वाढ. तिच्या हातचं पानी पी."

इतक्या आनंदाने मी कधी मातीत पडले नव्हते.

आता गंमत ऐका. माझं कोवळं रोप मिरचीच्या रोपासारखं दिसतं. पान तसंच, आणि पुढे येणारं पांढरं फूलही लांबून तसंच. शुभांगीला वाटलं, खरकट्यातून मिरचीचं बी पडलं असावं. तिने बाकीचं गवत काढलं आणि मला ठेवलं. चहाचा चोथा घातला, गुलाबाला आणलेलं खत घातलं, वाकले तेव्हा काडीचा आधार दिला. ज्या बाईने माझं नाव विष ठेवलं, तीच मला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजत होती. तिने साळूबाईला फाटकातून सांगूनसुद्धा टाकलं की यंदा मिरच्या विकत घेऊ नका, माझ्याकडच्या न्या. भीमराज पाळीवर जायचा अंधारात आणि यायचा अंधारात, त्याला वाफ्याकडे बघायची सवड नव्हती. मी फोफावले. गुलाब मात्र माझ्या सावलीत खुरटले. तेही मी मुद्दाम केलं, असं समजा.

आक्काबाई घमेल्यावर चढून रोज मला बघायची आणि पदरात तोंड घालून हसायची. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. फळं काळी झाली की साळूबाईला आणि गल्लीतल्या चार बायकांना बोलवायचं, त्यांच्यासमोर शुभांगीला विचारायचं, की बाई, माझ्या दारातली कामोणी विष होती, मग तुझ्या दारात तू ती खतपाणी घालून कशाला वाढवली? चुलीपुढे बसून ती हे शब्द पुटपुटायची. मीही घाई करत होते. फुलं गळली, फळं धरली, पानांआड घोसच्या घोस लटकले; शुभांगीला वाटलं, मिरच्या नुकत्याच धरू लागल्यात.

पण घाई केली तरी फळं काळी व्हायच्या आधी हिरवीच असतात. हे मला ठाऊक होतं. आक्काबाईलाही ठाऊक होतं. रागाच्या भरात आम्हां दोघींच्याही डोक्यातून एक गोष्ट निसटली होती, की त्या वाफ्यापासून चार पावलांवर यशू खेळते.

पोळ्याच्या सुमारास एका दुपारी शुभांगी आत भाकरी थापत होती. भीमराज रात्रपाळी करून झोपला होता. साळूबाई फाटकाशी मिरच्यांची चौकशी करायला आली होती आणि कडी वाजवत होती. यशू तिची भातुकलीची भांडी घेऊन माझ्यापुढे बसली. तिने एक घोस ओढला. मग दुसरा. हिरव्या फळांची मूठ भरून तिने टोपलीत ओतली आणि मला वाटलं, खेळून टाकून देईल. तिने एक फळ तोंडात घातलं. मग मूठभर उचलली.

भिंतीवर आक्काबाईचं डोकं दिसलं.

ती रोजच्यासारखी मला बघायला चढली होती. पोरीच्या हातात काय आहे ते तिला एका नजरेत कळलं. तेव्हाच तिला हेही कळलं असणार, की या पोरीला हिरवं आणि काळं यातला फरक तिने कधी दाखवलाच नव्हता. निवडून द्यायचं काम तिने स्वतःच्या हातून कधी सोडलं नव्हतं. ओरडावं तर सगळं उघड होणार. तरी तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"शुभांगे, पोरीच्या तोंडातलं काढ. ती मिरची न्हाई, कामोनी हाय. हिरवी हाय. मीच टाकली तुझ्या वाफ्यात."

शुभांगी पिठाच्या हातांनी धावत आली. तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं. यशूने आधीच थुंकायला सुरुवात केली होती, कारण माझं कुलूप चांगलंच कडू असतं. चूळ भरून घेतली, पाणी पाजलं. भीमराज बनियनवर बाहेर आला. साळूबाई फाटक ढकलून आत येऊन उभी राहिली. तसं काही पोटात गेलं नव्हतं. पण शुभांगीला आता बोलायला जागा मिळाली होती.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती म्हणाली. "मी तेव्हाच सांगत होते, ही बाई माझ्या पोरीला विष घालते."

यशू रडतच जीभ पुसत होती. ती म्हणाली, "ही घाण हायेत. आजीची गोड असत्यात."

भीमराज तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याने विचारलं, "जयंतीला आजीनं हीच दिली व्हती का?"

"न्हाई. तवा गोळा खाल्ला. मम्मी म्हणली, पप्पांना सांगू नको."

मित्रांनो, हाच क्षण मी डबीत बसून घोकला होता. साळूबाईने शुभांगीकडे बघितलं. भीमराजने बघितलं. शुभांगीने मान खाली घातली आणि पिठाचे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. माझ्यावर रान उठवणाऱ्या बाईचं तोंड मला असंच बघायचं होतं. मी पोटभर बघितलं.

मला वाटलं, आता आक्काबाई बोलेल. चुलीपुढे घोकलेले सगळे शब्द ती आता एकेक करून काढेल. ती घमेल्यावरून उतरली, रस्त्याने वळसा घालून आली आणि भिंत झाल्यापासून पहिल्यांदा त्या फाटकातून आत शिरली. साळूबाईने वाट दिली. आक्काबाई शुभांगीजवळून गेली आणि माझ्यापुढे खाली बसली.

"खोटा आळ घेतला हुता माझ्यावर," ती म्हणाली. "म्या तो खरा करून दाखवला असता."

एवढं बोलून तिने माझ्या बुडख्याला हात घातला. भीमराज म्हणाला, काकी, ऱ्हाऊ दे, मी काढतो. ती म्हणाली, "तू एकदा काढली. आता मलाच काढू दे." तिने मला ओढलं. गुलाबांमध्ये लपलेली माझी लहान लहान रोपं एकेक शोधून काढली. गळालेली हिरवी फळं वेचून पदरात घेतली. शुभांगी पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिने मदतही केली नाही आणि अडवलंही नाही.

मला मोरीच्या कडेला उकिरड्यावर टाकलं, तेव्हा माझी मुळं उन्हात सुकत होती आणि मी आक्काबाईवर चिडले होते. जिंकलेल्या दिवशीच तिने मला मारलं. सूड दोघींचा होता, मग मरायचं मी एकटीनेच का?

पण उपटलेल्या फांदीवरही माझी पिकायला आलेली फळं पिकून जातात. दोन-तीन दिवसांनी त्यातली काही काळी झाली. त्या दिवशी आक्काबाईच्या दारात शुभांगी उभी राहिली. तिने यशूचा हात धरला होता. माफी वगैरे तिने मागितली नाही. उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकलं नाही.

"काकी, हिला कामोणी ओळखायला शिकवा," ती म्हणाली. "उद्या शाळेच्या वाटेवर कुठंही उगवेल ही. तिथं तुम्ही नसाल, मीपण नसेन."

तिने पोरीचा हात सोडला. आक्काबाईने तो धरला. दोघी उकिरड्यापाशी येऊन बसल्या. या वेळी आक्काबाईने निवडून दिलं नाही. सुकलेली फांदी तिने पोरीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, तूच दाखव, कोणतं खायचं. यशूने हिरव्यावर बोट ठेवलं, कडवट तोंड केलं आणि मान हलवली. मग तिने एक काळं तोडून आधी आजीच्या तोंडात घातलं. शुभांगी दारातून बघत राहिली.

मित्रांनो, त्यांचं काय मिटलं ते त्यांचं त्यांना. मी कुणालाच माफ केलेलं नाही. गुलाबाच्या वाफ्यात, आक्काबाईच्या नजरेतून सुटलेल्या माझ्या बिया अजून मातीखाली आहेत आणि मी पुन्हा येणार आहे. तुमच्या मोरीजवळ आले तर माझ्याभोवती विटा लावा, पाला उकळून पाणी टाका, काळी फळं पोरांना द्या, आणि त्याआधी कोणतं काळं नि कोणतं हिरवं ते त्यांना त्यांच्या हातांनी ओळखू द्या. मला विष म्हणू नका. आणि तुमच्या भांडणात मला विष बनवू नका, कारण पुढच्या वेळी भिंतीवरून कुणी डोकावेलच, याची हमी मी देत नाही.