निरोपाचं पान

डोळे मिटा बरं जरा. थांबा, आधी एवढं वाचा आणि मग मिटा. कल्पना करा, तुमच्या हातात एक पुस्तक आहे, पण त्याची पानं तुम्हाला हवी तशी उलटता येत नाहीत. कुठल्या पानानंतर कुठलं पान यायचं, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवून ठेवलंय. तो म्हणाला असेल तर दुसऱ्यानंतर एकदम नववं. आणि शेवटच्या पानानंतर काय, हे सांगायला तो विसरला असेल, तर पुन्हा आपलं पहिलं पान! केलीत कल्पना? आता त्या पानांच्या खोल्या करा, आणि त्या खोल्यांत तुमच्या बाबांना ठेवा.

भिंगरीचे बाबा अगदी असेच अडकले होते.

भिंगरीला त्या दिवशी सकाळी भाऊ झाला. लालबुंद, मुठी आवळलेला, सगळ्या जगावर रागावलेला. आत्याने त्याला पाहिलं, भिंगरीने पाहिलं, जमीन पुसणाऱ्या बाईंनीसुद्धा पाहिलं. पाहिलं नव्हतं फक्त बाबांनी. त्यांचं ऑफिस दवाखान्याच्या समोरच होतं, मधे एक रस्ता. "आलोच!" असं ते सकाळी फोनवर म्हणाले, ते आलेच नाहीत. आईने बाळाचं तोंड दाराकडे करून ठेवलं होतं. दुपार कलली तशी तीही दाराकडे पाहीनाशी झाली.

"जा गं भिंगरे," आत्या हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला कानाला धरून घेऊन ये. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली की उद्यापर्यंत कुणाला आत सोडत नाहीत."

बाबांच्या ऑफिसात माणसांची डिरेक्टरी सांभाळत. कोण कुठे बसतं, काय काम करतं, कुणाचं कोण लागतं, सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये. बाबांचं काम त्यातली पानं लावायचं. स्वागत, मग नाव, मग फोटो, मग नातं, मग धन्यवाद. प्रत्येक पानावर 'पुढे' असं बटण, आणि ते दाबलं की कुठे जायचं, ते बाबा ठरवत. इथवर सगळं सुरळीत होतं. मग मोठ्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली.

"पडद्यावर एवढी शिस्त आणि इमारतीत नुसता बाजार!" साहेब म्हणाले होते. "उद्यापासून जे पान, तीच खोली. पानांच्या क्रमानेच दारं उघडतील. माणसांना वळण लागलं पाहिजे."

आणि खरंच त्यांनी दारं सॉफ्टवेअरला जोडून घेतली. नेमकी बाळ झालं त्याच सकाळी.

भिंगरीने समोरचं काचेचं दार ढकललं. ती आत आली आणि मागे दार खट्कन बंद झालं.

"स्वागत आहे!" टेबलामागच्या मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पार बसला होता. "तूही आलीस का गं बाळ? अरेरे."

"बाबा कुठे आहेत?"

"येतील इतक्यात. सगळेच येतात."

तेवढ्यात बाजूचं दार उघडून माणसांची रांग आत आली. पुढे एक पार्सलवाला, मागे हिशेबाच्या बाई, मग साहेब, आणि शेवटी केस पिंजारलेले बाबा. "स्वागत आहे," मावशी प्रत्येकाला म्हणाल्या.

"मी फक्त खोका द्यायला आलो होतो हो," पार्सलवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझे किती फोटो काढणार तुम्ही?"

"भिंगरी!" बाबा धावत आले. "कसा आहे तो? कुणासारखा दिसतो?"

"तुझ्यासारखा. सारखा ओरडतो. बाबा, चल ना, घंटा होईल!"

बाबांनी खाली मान घातली. "बाहेरच जाता येत नाही गं. मी निरोपाचं पान केलं होतं. हलणाऱ्या हाताचं छान चित्रही काढलं होतं त्यावर. ते धन्यवादाच्या पुढे लावणार, तेवढ्यात फोन आला की बाळ झालं. मी आनंदाच्या भरात तसंच 'जतन' दाबलं. आता धन्यवादाच्या पुढे काहीच नाही, म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा स्वागताला आणून सोडतं."

"मग आता लाव."

"पानं लावायचं पान निरोपाच्या पलीकडे आहे. कामाच्या वेळात कुणी उगाच हात लावू नये, म्हणून साहेबांनी..."

साहेबांनी घसा खाकरला.

"मग खिडकीतून उडी मार!"

"खिडकी," साहेब करड्या आवाजात म्हणाले, "हे पान नाही."

"आणि मी आले ते दार? परत कुणी आलं की पटकन..."

"ते स्वागताचं दार. त्यातून बाहेर जायचं म्हणजे आलेल्या माणसाचा अपमान." हे बोलताना साहेबांचं पोट इतकं गुरगुरलं, की मावशींनी चुकून त्याचंही स्वागत केलं.

भिंगरीला एका जागी उभं राहणं ठाऊकच नव्हतं. ती नावाच्या खोलीत शिरली. सगळ्या खोल्यांच्या भिंती काचेच्या, त्यामुळे कोण कुठे फिरतंय ते दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. पडद्यावर विचारलं होतं, 'आपलं नाव?' तिने लिहिलं, 'भिंगरी'. 'पुढे' दाबलं.

कोपऱ्यातलं एक अरुंद दार उघडलं. त्यावर हलणाऱ्या हाताचं चित्र होतं, आणि पलीकडे चक्क रस्ता.

काचेपलीकडे बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "नमुना! अगं, पानं नीट चालतात का ते तपासायला एक खोटा माणूस लागतो. सगळेच करतात तसा. मी त्याला तुझं नाव दिलं. आणि दर वेळी सगळी पानं कोण पाहत बसणार, म्हणून त्याच्यासाठी आखूड रस्ता ठेवला. नाव, की लगेच निरोप. जा तू, जा!"

"आणि तू?"

"तो रस्ता फक्त तुझा. नमुन्याचा."

"मग मी पलीकडे जाऊन पानं लावते."

"नमुन्याला पानं लावता येत नाहीत. तसंही मीच करून ठेवलंय," बाबा ओशाळून म्हणाले, आणि रांगेने त्यांना ढकलत फोटोच्या खोलीत नेलं. तिथून नात्याच्या.

भिंगरी दारात एक पाय ठेवून उभी राहिली. समोर दवाखान्याची खिडकी दिसत होती. बाबांनी नात्याच्या पडद्याकडे न बघताच 'पुढे'वर बोट नेलं, तशी ती ओरडली, "बाबा! तिथे काय विचारलंय?"

"कुठे? हे होय? 'आपण इथल्या कुणाचे कोण?' ते मी सकाळपासून रिकामंच सोडतोय. तेवढाच वेळ वाचतो."

"पण तू माझा बाबा आहेस ना?"

बाबांचं बोट हवेतच राहिलं. हळूच ते म्हणाले, "नातलगाला नातलगाच्या मागून जाता येतं. लहान मुलं आईबापांसोबत जावीत, म्हणून मी तशी सोय केली होती. उलटीकडूनही चालायला हरकत नाही."

त्यांनी लिहिलं, 'भिंगरीचा बाबा'. भिंगरीच्या पडद्यावर टुणकन अक्षरं उमटली, 'हे आपले बाबा आहेत का?' तिने 'मान्य' दाबलं. भिंतीतलं दार सरकलं आणि बाबा थेट निरोपाच्या दारात येऊन तिला बिलगले.

 मग पार्सलवाला नात्याच्या खोलीत असा धावला, जशी काही जेवणाची पंगतच बसत होती.

"पोरी, मी तुझा मामा!"

"मान्य."

"मी काकू, बरं का!" हिशेबाच्या बाई हात वर करून ओरडल्या. फोटोच्या खोलीत फोटो काढणारा आतेभाऊ झाला. मावशींना तर काही बदलावंच लागलं नाही. भिंगरी टकटक 'मान्य' दाबत होती, आणि आयुष्यात कधी न पाहिलेले नातलग एकेक करून तिच्या मागे उभे राहत होते.

शेवटी साहेब उरले. ते पडद्यासमोर बराच वेळ ताठ उभे होते.

"आजोबा लिहा ना," बाबा म्हणाले.

"मी काय म्हातारा दिसतो?"

"मग दादा?"

"शोभेल का ते?" साहेबांचं पोट पुन्हा गुरगुरलं. त्यांनी डोळे मिटून पडद्यावरच्या नात्यांच्या यादीवर बोट ठेवलं. भिंगरीच्या पडद्यावर आलं, 'हे आपले भाचे आहेत का?'

तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शहाण्यासारखं वागणार?"

"वागेन," साहेब पुटपुटले. "वागेन, आत्या."

"मान्य."

सगळी वरात रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरली, तेव्हा घंटेला थोडाच अवकाश होता. पहारेकऱ्याने दोन्ही हात पसरून वाट अडवली. "अहो, अहो! फक्त जवळचे नातेवाईक!"

"आम्ही जवळचेच," पार्सलमामा म्हणाले.

"आणि आपण बाळाचे कोण?" पहारेकऱ्याने साहेबांना विचारलं.

साहेबांनी मनातल्या मनात नातं मोजलं. बाळ आत्याचा भाऊ. म्हणजे... "पुतण्या," ते नम्रपणे म्हणाले. "काकांना बघायला आलोय."

पहारेकऱ्याचे हात आपोआप खाली आले.

बाबा सगळ्यांच्या पुढे धावले.  आईने बाळ त्यांच्या हातात दिलं. बाबांनी बाळाकडे बघितलं, बाळाने रडं थांबवून बाबांकडे बघितलं, आणि मग दोघंही एकदमच रडायला लागले. मागून सारे नातलग खोलीत घुसले. काकू, मामा, आतेभाऊ, मावशी, भाचा. अंगाला अंग लागलं, आत्या कपाटाला चिकटली, आणि बाळाला बघून झालेल्यांना मागेही फिरता येईना.

मग भिंगरीने काय केलं? ती सगळ्यांच्या पायांमधून सरपटत खोलीच्या पलीकडच्या टोकाला गेली. तिथे बागेत उघडणारं एक दुसरं दार होतं. तिने त्याची कडी काढली, ते सताड उघडलं, पाठीने टेकून धरलं, आणि सर्वांत जवळ उभ्या असलेल्या आपल्या भाच्याला हात हलवून दाखवला.