बारा हातांची पन्हळ

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. जुनी म्हणजे तीन वर्षांची; पण माझ्या पोटात पावसाचा थेंब गेलेला नाही, त्या अर्थाने मी कोरीच.

माझा जन्म ऑकलंडजवळच्या कारखान्यात झाला. इओआने नावाच्या नामवंत रग्बी खेळाडूने मला विकत घेतले, माझ्या पोटावर स्वतःचा हसरा फोटो चिकटवला आणि बोटीने सामोआत, आपल्या आजोळच्या गावी आणले. शाळेसमोरच्या ओट्यावर मला बसवले.

आमच्या गावात भेट आली की गावचा वक्ता काठी टेकून उभा राहतो आणि ती मोठ्याने पुकारतो. त्या दिवशी आमचे वक्ते, म्हातारे सेउला आजोबा, भलतेच रंगात होते. ‘टाकी दिली’ म्हणायच्या जागी ते गरजले, “इओआनेने गावाला पाणी दिले.” लोकांनी आभार मानले, उलट भेट म्हणून त्याला मऊ विणीची चटई दिली. फोटोसाठी माझ्यात चार बादल्या ओतल्या होत्या. नळ सोडला, पाणी वाहिले आणि संपले.

निघताना इओआनेने विचारले, “आजोबा, काही कमी आहे का?”

“काही नाही, बाळा. भरून पावलो.”

कमी होती ती पन्हळ. शाळेच्या छपराचे पाणी माझ्यापर्यंत आणणारी बारा हातांची पत्र्याची पन्हळ. पण ‘पाणी दिले’ असे सगळ्या गावासमोर पुकारून झाले होते. ते मिळाले नाही म्हणणे म्हणजे आजोबांना खोटे पाडणे आणि देणाऱ्याला हिणवणे. मग सगळे गप्प बसले.

पाऊस आला की छपराचे पाणी माझ्या डोळ्यांदेखत मातीत जाई. मी नुसती चरफडे. कोरड्या महिन्यांत मुले झऱ्यावरून डबे भरून आणत. निम्मी शाळा त्या वाटेवरच बुडे. पाण्याची सोय झाली नाही तर शाळा बंद करू, असे शिक्षणखात्याचे साहेब शाळेच्या व्हाइतोआबाईंना बजावून गेले.

आणि माझ्या सावलीत काय चाले?

“एवढा पैसेवाला, आणि दिलं काय? स्वतःचा फोटो. आत नुसती हवा,” दुकानवाली लेऊ म्हणे.

“तुझ्या नवऱ्याने काय दिलंय गावाला? ढेकर?” शेजारीण फाआपे तिला टोची. “देवमाणूस आहे तो.”

एकीला तो ढोंगी, दुसरीला देव. जुने पत्रे मात्र दोघींच्याही परसात पडून होते.

यंदा इओआने पुन्हा आला. सोबत आणखी एक टाकी, तिच्यावर आणखी मोठा फोटो. आजोबा काठी टेकून उभे राहिले, तोच व्हाइतोआबाई उठल्या.

“आजोबा, थांबा. इओआने, पहिल्या टाकीला पन्हळ नाही. तीन वर्षं ती रिकामी आहे.”

इओआनेचा चेहरा पडला. “मी विचारलं होतं की.”

“विचारलंस,” आजोबा काठीकडे बघत म्हणाले. “मीच चुकीचं पुकारलं, बाळा. मग जीभ मागे घेता आली नाही.”

“आणि मी शिडी लावून छप्पर बघायला हवं होतं,” तो म्हणाला. शिडी चढायला त्याने बूट काढले. लेऊ आणि फाआपे आपापल्या परसातले पत्रे आणायला गेल्या.

मित्रांनो, मोठ्या माणसाच्या पाया पडणे सोपे असते, त्याच्या पाठीमागे नाक मुरडणेही सोपे. त्याने ‘काही कमी आहे का’ असे विचारले, तर खरे सांगा. आणि तुम्ही कुणाला काही दिलेत, तर फोटो काढून झाल्यावर एकदा आत डोकावून बघा.

नवी टाकी आता माझ्या शेजारी बसली आहे. काल तिने विचारले, “ताई, तुझ्या पोटात काय आहे?”

“अजून काही नाही,” मी म्हणाले. “पण पन्हळ लागली आहे.”