गोजरबाईची मिश्रीची डबी

"सुनबाई, तोंड धुतल्याबिगर देवाचं नाव घेत नको जाऊ."

माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मला हे म्हणाल्या. त्या गेल्या, पण मी ते पाळते. सोनाळ्याच्या आमच्या अंगणवाडीत लेकरांसाठी ब्रश आले, तेव्हा मी ठरवून टाकलं, आता प्रार्थनाही ब्रश झाल्यावरच!

काय तो गलका! सगळ्यांनाच लाल ब्रश पाहिजे. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्ट, पण फेस मात्र हनुवटीपासून कोपरापर्यंत.

"ताई, माहा फेस पाहा! सगळ्यायहून जास्त!" प्रज्वल नाचत होता.

"तुह्या तं नाकात गेला बे!" हरिओम म्हणाला.

मी "वर-खाली, गोल-गोल" म्हणत टाळ्या वाजवत होते. एरवी माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, पण त्या दिवसांत रस्त्यावरची माणसं थांबून पाहायची.

डिंपल तेवढी ब्रश लागताच रडायची. तिची चूळ तपकिरी यायची, हिरड्या सोललेल्या.

"आजी मिश्री लावते नं मले," ती म्हणाली. "दात दुखला का लावते."

तिची आजी गोजरबाई. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, की झाली मिश्री. त्या मिश्रीची डबी सदा तिच्या कमरेला. मी तिच्या घरी जाणारच होते, पण त्याआधी तीच आली. फाटक असं आपटलं की लेकरं ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिली.

"काऊन वं प्रतीक्षा! माह्या घरात तुहा हुकूम चालते का? सकाळी मी माळ घेऊन बसली, तं हे टिचभर पोरगी माह्या तोंडावर हात ठेवते! म्हणते, आजी, तोंडात मिश्री हाये, देवाचं नाव घेऊ नको!"

लेकरं खी-खी हसली. मलाही हसू आलं, ते मी पदरात दाबलं.

"हासू नका बे! नाव काढ हिचं. उद्यापासून पोरगी घरीच राहीन."

माझं हसू विरलं. घरी राहिली म्हणजे दिवसभर तीच डबी आणि तेच बोट.

"काढते मावशी," मी म्हणाले. "पण आधी हिचं तोंड एकदा उजेडात पाहा."

डिंपलनं आऽ केलं. गोजरबाई वाकली. वाकलेलीच राहिली.

"हे मिश्रीनं झालं?"

"हो मावशी."

"मले वाटे, कीड मरते. माह्या मायनं मलेबी अशीच लावली व्हती वं."

तेवढ्यात डिंपलनं तिचा हात ओढला. "चाल नं आजी, तूबी घास!"

"माहे दात राह्यले कुठं?"

"चार हायेत! मी मोजले नं, तू झोपली व्हती तवा!"

मग काय, "आजी! आजी!" असा एकच गजर. मी नवा ब्रश काढून दिला. गोजरबाईनं तो तोंडात घातला आणि डोळे मोठे केले. "अवं माय, हे तं गोड हाये!"

"गिळायची नाही, आजी!" सगळी अंगणवाडी एका सुरात ओरडली.

तिनं चूळ टाकली, तर अशा टाळ्या पडल्या की कुस्ती जिंकल्यावरही पडत नसतील. डिंपल आजीच्या पायांना मिठी मारून उड्या मारत होती.

जाताना गोजरबाई माझ्याजवळ आली. "राहू दे पोरीचं नाव. पण खरं सांगू का? उठल्याबरोबर माहा हात डबीवरच जाते. अन् डबी हाती असली, पोरगी रडली, तं बोट पुन्हा तिच्या तोंडात जाईन. त्या वक्ती कोणी समोर पायजे वं."

"मी येते," मी म्हणाले. "तुमची सवय सुटेस्तोवर रोज येते."

बोलून गेले आणि मग आठवलं, ती माझी पोथीची वेळ. सासूबाई गेल्यापासून त्या वेळेत खंड नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. पोथी लाल कपड्यात होती. तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "देवा, आल्यावर वाचते." डोक्यावरून पदर घेतला, कडी वाजू न देता दार ओढलं आणि गोजरबाईच्या घराकडे चालू लागले.