साडूची माती

जेवणाच्या सुट्टीत मळ्याच्या ऑफिसमागच्या खोलीत चिटपाखरू नसतं, हे वरच्या बागेच्या मुकादमाला ठाऊक होतं. फळीवर तपासणीला जाणाऱ्या मातीच्या दोन पिशव्या होत्या. एकीच्या गळ्यात 'वरची बाग' अशी चिठ्ठी, दुसरीच्या 'खालची बाग'. त्याने दोन्ही चिठ्ठ्या सोडल्या, अदलाबदल करून बांधल्या आणि हात झटकत बाहेर आला.

खालच्या बागेचा मुकादम म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मागाहून आला आणि दोन वर्षांत त्याची कोकोची झाडं शेंगांनी लगडली. करायचा काय हा? पडलेला पाला झाडाखाली तसाच कुजू द्यायचा, बस्स. आपला मुकादम मात्र रोज बाग खराट्याने झाडून घ्यायचा. पान दिसलं की उचल आणि जाळ. जमीन कशी, पान मांडून जेवायला बसावं अशी. पण पाऊस तिथे रोजचाच. त्या उघड्या जमिनीवरून लाल पाणी ओढ्याला जायचं आणि झाडं दरसाल रोडावत चालली होती. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. साडूचं सुख त्याहून जास्त दिसायचं. त्यात घरी बायकोचं एकच पालुपद.

"धाकटीच्या नवऱ्याच्या हाताला गुण आहे हो."

"आणि माझ्या हाताला काय रोग झालाय?" असं म्हणून तो ताटावरून उठायचा.

निकाल आला. साहेबांनी सगळ्या गड्यांसमोर सांगितला. "वरच्या बागेची माती कसदार आहे. शाबास. खालची पार धुपलीय, कसच उरलेला नाही."

मुकादमाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साडूची खाली गेलेली मान त्याने डोळे भरून पाहिली.

"तेव्हा यंदाचं सगळं खत खालच्या बागेला," साहेब पुढे म्हणाले. "तुम्हाला गरज नाही."

झाली का पंचाईत. त्याच्या डोळ्यांदेखत खताच्या गाड्या खाली उतरत राहिल्या आणि पुन्हा पोटात दुखायला लागलं ते त्याच्याच. आधीच भरलेल्या ताटात आणखी वाढत होते, आणि वाढायला लावलं होतं यानेच.

आठवड्याने तो खाली गेला, तर साडू खराट्याने झाडांखालचा पाला ओढत होता. अर्धी बाग उघडी पडली होती. ढिगाशेजारी काडेपेटी.

"हे काय चालवलंयस?"

"तुमच्यासारखं करतोय, दादा. मला वाटायचं, आपल्याला यातलं कळतं." साडू ओशाळं हसला. "जरा दाखवा ना, बुंध्याजवळ कुठवर साफ करायचं ते."

या एका वाक्यासाठी मुकादम दोन वर्षं जळत होता. आता जिवाला गार वाटायला हवं होतं, पण त्याची नजर खाली गेली. साडूच्या पायाशी काळी, भुसभुशीत माती होती. आभाळ भरून आलं होतं आणि तासाभरात ती ओढ्याला लागणार होती.

"पिशव्यांच्या चिठ्ठ्या मी बदलल्या," तो म्हणाला. "ती धुपलेली माती माझी."

साडूने खराटा टाकला, ढिगातला पाला कवेत घेतला आणि जवळच्या झाडाखाली पसरायला लागला. मुकादमही वाकला आणि पाला घेऊन त्याच झाडाकडे आला.

"तुम्ही त्या टोकाने घ्या," साडू म्हणाला.

मुकादम त्या टोकाला गेला. पाऊस येईपर्यंत दोघे पाला पसरत राहिले. मधल्या झाडापाशी समोरासमोर आले, तेव्हाही साडूने मान वर केली नाही.