बेचाळिसावी चूल

आमच्या गावात माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. मोहाच्या झाडांखालचा पाला झाडून झाला की ग्रामसभा भरते आणि फुलं वेचायला जितक्या चुली तितके झाडांचे वाटे पडतात. मोजणीचं काम लहान मुलांचं. मुलं कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरतात आणि पाहिलेलं झाकून ठेवत नाहीत. शाळेतली शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरोघरी फिरवण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि संध्याकाळी माझ्या ओसरीवर त्यांचा वर्गही भरतो.

यंदा मुलांनी आकडा आणला बेचाळीस.

"एकेचाळीस," कोलूभाऊ म्हणाले. ते गावचे भूमिया, रीतभात सांभाळणारे. "कोणाचं लगन झालं नाई, कोणी वेगळं निघालं नाई. मंग एक चूल वाढली कशी?"

"सुरजकाकाची हाय," दीपाली म्हणाली. ती सहावीत आहे आणि वही तिच्या हातात होती. "सुरजकाका अन् अंकुशकाकाची. मी पाह्यली. वर वांग्याची भाजी होती. मी खाल्ली बी."

सगळे हसले, आणि मग सुरजकडे वळून पाहू लागले.

सुरज आमच्याच गावचा, धुरपताबाईचा मुलगा. मोहर्लीला तो सफारीची जिप्सी चालवायचा, तिथंच गाइड असलेल्या अंकुशशी त्याचं जुळलं. अंकुशला घरच्यांनी बाहेर काढलं, तेव्हा दोघं इकडे आले आणि गावाच्या टोकाला घर बांधून राहू लागले. त्याला दोन वर्षं झाली. एखाद्या जोडप्यासारखेच ते राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडानं कुणी बोलत नव्हतं. गेल्या वर्षी मोजणी त्यांच्या घरापर्यंत गेलीच नाही; यादीत सुरजचं नाव आईच्या चुलीखाली होतं. अंकुशचं कुठेच नव्हतं.

सुरज उभा राहिला. "मोह नाई भेटला तरी चालते, भाऊ. पण आमची चूल लिहा. अंकुशचं नाव या गावात कुठी तरी लिहिलेलं पाह्यजे."

आमच्या सभेत हात वर करून मतं घेत नाहीत. एक जण जरी नाही म्हणाला तरी गोष्ट तिथंच अडते. आणि त्या दिवशी यादी पक्की झाली की वर्षभर तिला कुणी हात लावत नाही.

"चूल कशानं पेटवली होती?" कोलूभाऊंनी विचारलं.

"काडीपेटीनं," अंकुश खरं सांगून बसला.

"मंग ते चूल नोहे, बाप्पा. काडीपेटीनं बिडी पेटते."

रीत अशी, की नवी चूल गावातल्या जुन्या चुलीच्या विस्तवानं पेटवायची. बहुधा मुलाची आईच विस्तव देते. सगळ्यांनी धुरपताबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मान खाली घातली. द्यायचं मनात होतं, पण गावाच्या आधी पुढं होण्याची तिची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात सोमाजीभाऊ उठले. सत्तरीतले, गावातल्या चार बौद्ध घरांपैकी एक घर त्यांचं. "माह्यी हरकत हाय."

"काऊन जी?" कोलूभाऊंनी विचारलं.

"कोर्टानं अशा जोडप्यायचा गुन्हा काढून टाकला, मले ठाऊक हाय, मी पेपर वाचतो. पोट्ट्यायशी माह्यं वैर नाई. पण बाईच्या वर्गातले पोट्टे गावभर सांगत फिरून राह्यले का सोमाजी आबाचं अन् सुरजकाकाचं सारखंच. सारखं? आमी काय भोगलं अन् हे काय!"

ही चूक माझी होती. गेल्या महिन्यात मी मुलांना अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गोष्ट सांगितली. त्यांना बसमध्ये मागे बसावं लागे, मग त्यांनी बसनं जाणंच सोडलं, वर्षभर पायी चालले आणि जिंकले. आपल्याकडंही असं होतं हे कळावं म्हणून मी सोमाजीभाऊंना वर्गात बोलावलं. लहानपणी त्यांना विहिरीला हात लावता येत नसे, वरून कुणी ओतेल तेव्हाच पाणी. एक दिवस वस्तीतल्या बाया घागरी घेऊन थेट विहिरीवर चढल्या, ते त्यांनी सांगितलं. तेव्हा हेमराजनं विचारलं, "सुरजकाकाची चूल बी यादीत घेत नाईत, ते तसंच का?" मी फरशीवर खडूनं रेघ ओढली. एका बाजूला सारखं काय, दुसऱ्या बाजूला वेगळं काय. सारखं लिहून झालं आणि अंधार पडला म्हणून वर्ग सुटला. दुसरी बाजू कोरीच राहिली.

"सोमाजीभाऊ," मी म्हणाले, "माझा वर्ग अर्धाच झाला होता. आज पुरा करू का?"

"करा न. मी कुठी चाललो?"

मी मुलांकडे वळले. "सांगा, वेगळं काय?"

दीपाली म्हणाली, "माणसाचा रंग दिसते. जात गावाले ठाऊक राह्यते. सुरजकाकाचं वरून दिसत नाई."

"हेच म्हणतो मी!" सोमाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. "आमाले लपवता येत नव्हतं. यायले येते."

"येते म्हनून लपवाचंच का, आबा?" दीपाली म्हणाली.

"ते मी नाई म्हटलं," सोमाजीभाऊंचा आवाज जरा खाली आला.

हेमराज आठ वर्षांचा आहे. तो बराच वेळ बोटांवर काहीतरी जुळवत होता. "आबा, विहिरीवर तुमच्यासंग कोन होतं?"

"माय होती माह्यी. मी तिच्या लुगड्याले धरून होतो. साऱ्या वस्तीच्या बाया होत्या."

"अन् अंकुशकाकासंग?"

अंकुश जमिनीकडे बघत म्हणाला, "कोनीच नाई रे. मी मायलेच पह्यले सांगतलं. तिनंच दार लावलं."

सोमाजीभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग काठी उचलली आणि निघून गेले.

"गेला रागानं," मागे बसलेला लच्छू म्हणाला. कोलूभाऊंनी दीपालीला वही मिटायला सांगितलं. सुरज अंकुशच्या शेजारी जाऊन बसला.

पण मुलं रस्त्याकडे तोंड करून उभी होती, त्यांना आधी दिसलं. "आबा येऊन राह्यले! हातात खापर हाय!"

खापरात राखेखाली निखारे होते. सोमाजीभाऊ धापा टाकत होते.

"दीपाली, लिहून ठेव. सारखं नाई. आमचं आमचं, यायचं यायचं." मग ते अंकुशपुढे थांबले. "मले माय होती. तुले ते बी नव्हती. पोरा, माह्या लहानपनी आमच्या चुलीचा विस्तव या गावात कोनी घेत नव्हतं. तू घेशील का?"

अंकुशनं दोन्ही हात पुढे केले.

"उघड्या हातानं नको घेऊ, येड्या! पोळशील! दुपट्टा घे!"

सगळी सभा खो खो हसली. त्या हसण्यात धुरपताबाई ताडकन उठली. "थांबा! मी बी आनतो!" असं ओरडत ती घराकडे अशी पळाली, की तिचे गुडघे दुखतात हे आम्ही विसरलो, बहुतेक तीही विसरली.

मग सगळी सभाच गावाच्या टोकाला गेली. जुनी राख काढून दीपालीनं चूल सारवली. एका बाजूनं सोमाजीभाऊंचे निखारे, दुसऱ्या बाजूनं धुरपताबाईचे. लाकडं ओली निघाली आणि घर धुरानं भरलं.

"फुंकनी इकडे आन. तुमा दोघायले चूल बी पेटवता येत नाई," सोमाजीभाऊ खोकत म्हणाले.

"दोन वर्षं काडीपेटीची सवय हाय न, आबा," सुरज म्हणाला.

जाळ वर आला तशी मुलं ओरडली. "हरकत?" कोलूभाऊंनी दारातून विचारलं.

"कायची हरकत? मी काय माह्याच विस्तवाले हरकत घेऊ?"

दीपालीनं वही गुडघ्यावर ठेवली. "नाव कोनाचं लिहू?"

"सगळ्या चुलीखाली लिहितो तसंच," कोलूभाऊ म्हणाले. "घरात जे राह्यते ते."

तिनं जीभ बाहेर काढून, ठळक अक्षरात लिहिलं. सुरज. त्याखाली अंकुश. अंकुशनं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि डोळे पुसत धुराला शिव्या दिल्या. धुरपताबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पहिला चहा सोमाजीभाऊंना मिळाला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय."

"आणखी टाकू का, आबा?" अंकुशनं विचारलं.

"टाक. अन् कप भरून दे. अर्धा नको."