गिनतीत एक असुर कमी

जरा बेतानं उघडा, माझ्या घडीवरची कापडी पट्टी सैल झालीय. मी सापशिडीचा पट. माझ्या पाठीवर लुडो आहे. एकाच पुठ्ठ्यावर चाळीस वर्षं राहूनही आमची तोंडओळख नाही, कारण तो उघडा असतो तेव्हा मी जमिनीत तोंड खुपसून पडलेला असतो. त्यामुळे लुडोबद्दल मी काही वाईट बोललो तर ते ऐकीव समजा.

महाद्वार रोडवरच्या फुटपाथवरून भाऊसोंनी मला उचललं. भाऊसो तेव्हा कळंब्याच्या जेलात शिपाई होते आणि त्यांचा मुलगा प्रसेनजीत तिसरीत होता. हरला की तो भोकाड पसरायचा. माझा अठ्ठ्याण्णववरचा हिरवा साप माणसाला थेट अठ्ठावीसवर नेऊन सोडतो. प्रसेनजीतनं एकदा रागानं त्याच्या डोळ्यात पेन खुपसलं. साप आंधळा झाला, पण गिळायचं काही सोडलं नाही.

भाऊसोंची नोकरीतली सवय घरीही आली होती. डाव संपला की ते सोंगट्या मोजायचे आणि आकडा जुळेपर्यंत कुणाला जागेवरून हलू द्यायचे नाहीत. "गिनती झाल्याबिगर बराक बंद होत न्हाय," असं म्हणायचे. एवढं करूनही माझ्या मूळच्या सोंगट्या हरवल्याच. मग शर्टाची बटणं आली, चिंचोके आले, आणि काही वर्षं तर भाऊसोंची सोंगटी म्हणजे खोकल्याची गोळी होती. ती एकदा डाव ऐन रंगात असताना त्यांनीच खाल्ली.

पुढं प्रसेनजीतची मुलगी साक्षी शंभरपर्यंतचे आकडे माझ्यावर बोट ठेवून शिकली. मग घरात मोबाइल आले आणि माझी नोकरी बदलली. लाईट गेली की वारा घ्यायला मी, पापडाच्या डब्यावर झाकण मी. शेवटी कपाटाच्या माथ्यावर गेलो तो बारा वर्षं तिथंच. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं.

यंदा साक्षी पुण्याची नोकरी सोडून घरी आली. येताना तिनं कुकरएवढा जड खोका आणला. त्यात तिनं स्वतः तयार केलेला खेळ होता, 'धुक्यातले सात गड'. राधानगरीच्या जंगलावरून सुचलेला. त्यात जादूचे कंदील, एकशे चाळीस पत्ते, लाकडात कापलेले बारा असुर आणि नियमांचं चौसष्ट पानी पुस्तक. असुरांचा म्होरक्या सहा शिंगांचा धुकासुर. नाव एवढं मोठं आणि अंगानं चिंचोक्याएवढा.

जुन्या खेळांशी तुलना करायची म्हणून तिनं मला खाली काढलं. मला वाटलं, आता माझं कौतुक होणार. तिनं वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "सापशिडी. खेळणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही, सगळं नशिबावर. जुनाट." जुनाट हा शब्द मला लागला. फासा बोटानं हळूच उलटवायचा की नाही, हे या घरातल्या प्रत्येकानं माझ्यावरच ठरवलेलं आहे.

प्रसेनजीत आयटीआयमध्ये शिकवतो. मुलीनं नोकरी सोडल्यापासून त्याला जेवण जात नव्हतं. शनिवारी तो म्हणाला, "उद्या सगळी मिळून तुझा एक डाव खेळू. डाव संपायच्या आत एक माणूस जरी उठला, तर सोमवारी पुण्याला परत जायचं. कोण न्हाय उठलं, तर वर्षभर मी तुला एक शब्द इचारणार न्हाय."

साक्षी कबूल झाली, पण तिचा चेहरा उतरला. या घरात सलग बसलेलं कुणी पाहिलंय? प्रसेनजीत फोन आला की उठतो. साक्षीची आजी शेवंताबाई गॅसवर काहीतरी ठेवूनच बसते. साक्षीची आई नर्स, ती रविवारी ड्यूटीवर होती. म्हणजे एक उठणारं माणूस आधीच कमी, एवढाच दिलासा.

रविवारी दुपारी डाव मांडला. पहिली चाळीस मिनिटं नियम वाचण्यात गेली. माझ्यावर खेळायचं तर तिसरीतलं पोर चाळीस सेकंदात शिकतं, हे मी नुसतं सांगून ठेवतो. प्रसेनजीतनं दोनदा जांभई दिली. मला मनातून बरं वाटत होतं.

मग शेवंताबाईंनी पहिल्या असुराला हरवलं. साक्षी म्हणाली, "आता हा मेला. डबीत टाक."

"मेला कशानं?" भाऊसो म्हणाले. "हरलाय नव्हं? मग आत घालायचा. असा डबीत मोकळा सोडतात व्हय?"

त्यांनी मला ओढलं, निम्मं उघडून तंबूसारखं उभं केलं आणि असुराला माझ्या पोटाखाली सारलं. मी जेल झालो. खेळात दर फेरीला सूर्य मावळायचा. तो मावळला की भाऊसो मला उचलून कैदी मोजायचे आणि नियमांच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर नोंद करायचे. शेवंताबाईंनी कैद्यांपुढं चार शेंगदाणे ठेवले.

आणि डाव रंगला. प्रसेनजीतचा फोन दोनदा वाजला, दोनदा त्यानं कापला. त्याला स्वतःचा असुर आत घालायची घाई झाली होती. नऊ झाले, दहा झाले, अकरा झाले. साक्षीचे डोळे चमकायला लागले, आणि माझा जळफळाट सुरू झाला. चाळीस वर्षं मी या घराला खेळवलं आणि आता माझा तंबू करून पाहुण्या खेळाला मोठं करतात?

बारावा धुकासुर. भाऊसोंनी त्याला आत ढकलताना त्याची शिंगं माझ्या आत लोंबणाऱ्या सैल पट्टीत अडकली. थोडा सैल झालो असतो तर तो खाली पडला असता. मी झालो नाही. उलट आणखी आत घेतला.

भाऊसोंनी मला उचललं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. "अकरा."

"आजोबा, बाराही हरलेत. डाव संपला."

"संपला कसा? एक बंदी पळालाय. गिनती जुळल्याबिगर डाव संपत न्हाय. कुणी उठायचं न्हाय."

बसल्या जागी शोध सुरू झाला. प्रसेनजीतनं खिसे उलटे केले. शेवंताबाईंनी पदर झटकला. भाऊसोंनी शेंगदाणे उचलून बघितले. एवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला.

"अवो, दूध," शेवंताबाई गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या.

त्या उठल्या की साक्षी सोमवारी पुण्याला, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवंताबाईंनी नातीकडं बघितलं आणि परत मांडी घातली. "जाऊ दे उतू," त्या म्हणाल्या.

प्रसेनजीतची नजर घड्याळाकडं गेली. आणखी किती वेळ बसणार?

साक्षीनं मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, सापडलो. पण तिला शिंगं दिसली नाहीत, सुटलेली पट्टी दिसली. तिनं खोक्यातली चिकटपट्टी काढली, तुकडा कापला आणि म्हणाली, "याच्यावर मी आकडे शिकले. किती फाटलाय बिचारा." आणि ती मला चिकटवायला लागली. ज्या जागी मी तिचं वर्ष दडवून ठेवलं होतं, नेमकी तीच जागा.

आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. चिकटपट्टी बसली असती तर धुकासुर कायमचा माझ्या पोटात राहिला असता. सापशिडीत म्हणे काही ठरवता येत नाही. मी ठरवलं. पट्टी होती नव्हती तेवढी सैल सोडली.

धुकासुर टपकन तिच्या मांडीवर पडला.

"बारा," भाऊसो म्हणाले. "आता संपला डाव."

सगळ्यांनी प्रसेनजीतकडं बघितलं. तो तसाच बसलेला. "माझ्याकडं काय बघतायसा? पाय मेलेत माझे, न्हायतर कवाच उठलो असतो," तो म्हणाला. मग पत्ते गोळा करत म्हणाला, "परत मांड गं. आता जेलर मी."

त्या दिवशी सगळे कोरा चहा प्याले.

आता मी कपाटावर नसतो, साक्षीच्या खोक्यात असतो. ती खेळ घेऊन गावोगाव दाखवायला जाते, तेव्हा जेल म्हणून मी सोबत. नियमांचं पुस्तक आता सोळा पानांचं आहे आणि पहिला नियम गिनतीचा. वहीतला जुनाट हा शब्द तिनं अजून खोडलेला नाही, आणि मलाही आता तेवढा राग नाही. फक्त एक मागणं आहे. कधीतरी मला पूर्ण उघडा आणि अठ्ठ्याण्णवच्या आंधळ्या सापाला कुणीतरी भेटू द्या. लुडोला मात्र आणखी काही दिवस थांबायला सांगा.

मी असुर गिळला होता, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. भाऊसोंनी त्या दिवशीची शेवटची नोंद जुन्या पुस्तकात केली आहे, आणि तेही साक्षीनं खोक्यातच ठेवलंय. 'बंदी क्रमांक बारा. आपणहून हजर. वर्तणूक चांगली.' खोक्याच्या अंधारात ते पान माझ्या अंगाला लागून असतं. त्या नोंदीतलं निम्मं माझ्याबद्दल आहे, असं मी धरून चाललोय.