अध्यक्षांच्या गॅरेजमधली बालवाडी

आमच्या गल्लीत तेरा घरं आणि पाच वर्षांखालचं एकही मूल नाही. मुलं मोठी झाली, परगावी गेली, उरलो आम्ही म्हातारे आणि आमची गुडघेदुखी. अशा गल्लीत गेल्या सोमवारी बालवाडी निघाली.

त्याचं असं झालं, की कोपऱ्यावरच्या रिकाम्या दुमजली घरात व्यसनमुक्ती केंद्र येणार होतं. बारा रुग्ण तिथं राहून उपचार घेणार. नियम असा, की शाळेपासून, अगदी बालवाडीपासूनही, शंभर मीटरच्या आत असलं केंद्र चालत नाही. आता शाळाच नाही म्हटल्यावर काय करायचं? रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांनी गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता ठोकला आणि केंद्रावर हरकत घेतली. हीच माणसं नातवंडांना फोनवरून खरं बोलायला शिकवतात.

बालवाडीला शिकलेली बाई लागते. मी एकतीस वर्षं लहान मुलांना शिकवलं. तेव्हा अध्यक्ष आणि त्यांची बायको माझं प्रमाणपत्र मागायला घरी आले.

"वहिनी, तुमचा नुसता कागद द्या. शिकवायचं कोणाला आहे?" अध्यक्ष हसत म्हणाले.

मी म्हटलं, विचार करते. त्यांची बायको माझी तीस वर्षांची मैत्रीण. तिनं आवाज खाली आणला. "तुझ्या सुनेचं आम्ही कधी कोणापाशी काढलंय का? पुढंही नाही काढणार."

गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हे.

माझी सून नर्स होती. पाठीचं ऑपरेशन झालं, दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मग सुटेनात. वॉर्डातल्या कपाटातून घेऊ लागली, पकडली गेली, नोकरी गेली. माझा मुलगा आधी चिडला, मग कंटाळला, मग दुसऱ्या शहरात बदली मागून मोकळा झाला. पोटचा असला म्हणून मी त्याची बाजू घेणार नाही. सून माझ्याजवळ राहिली. येणाऱ्या केंद्राच्या डॉक्टरबाईंनी पहिल्या बारांत तिचं नाव घेतलं, चौथा नंबर. दुसरीकडे जागा मिळायला आठ महिने थांबावं लागणार होतं, आणि आठ महिने ती निभावेल याची मला खात्री नव्हती. तिलाही नव्हती.

आणि मी काय केलं? दुपारी कपाट उघडलं, प्रमाणपत्र काढलं आणि माझ्याच पायांनी जाऊन देऊन आले. लोक काय म्हणतील, एवढ्या एका भीतीनं. सुनेला कळू दिलं नाही. त्या दिवसापासून स्वतःचा नुसता संताप येत होता.

गुरुवारी सकाळी नगररचना ऑफिसचे इन्स्पेक्टर पाहणीला आले. अध्यक्षांनी नात्यागोत्यातली सहा पोरं गाडीत घालून आणली होती आणि बाई म्हणून मला बोलावून बसवलं होतं. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आणि खाली नवी कोरी सतरंजी. आपल्याला कुठं आणून बसवलंय, त्या बिचाऱ्या पोरांना पत्ता नव्हता. सगळ्यात धाकट्यानं भोकाड पसरलं.

"बाई, बालवाडी कधीपासून चालू आहे?" इन्स्पेक्टरांनी मला विचारलं.

"दीड वर्ष झालं," अध्यक्षांनी परस्पर सांगून टाकलं.

तेवढ्यात समोरच्या आमच्या घरातून सून आली. मुलाचं रडणं तिला ऐकवलं नसणार. अंगावर घरातलाच गाऊन, केस विस्कटलेले. गोळ्या कमी केल्यापासून हात थरथरायचे, पण त्याच हातांनी तिनं धाकट्याला उचललं, खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मूल गप्प झालं. दहा वर्षं तिनं मुलांच्या वॉर्डात काढली होती.

अध्यक्षांची बायको धावत आली आणि तिनं मूल हिसकावून घेतलं. "हात लावू नकोस त्याला."

मूल पुन्हा रडायला लागलं. सुनेचे हात तसेच पुढं राहिले. अध्यक्ष इन्स्पेक्टरांकडे वळून म्हणाले, "बघा साहेब. गोळ्या खाऊन नोकरी घालवलेली बाई आहे ही. असली माणसं उद्या गल्लीभर हिंडणार. आमच्या पोराबाळांनी जायचं कुठं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कुठली पोरंबाळं?" मी उठले. "साहेब, लिहून घ्या. ही बालवाडी सोमवारी निघाली. यातलं एकही पोर या गल्लीत राहत नाही. मी यांची बाई, आणि मला एकाचंही नाव माहीत नाही. गेल्या आठवड्यात इथं गाडी उभी होती. सतरंजी उचलून बघा."

इन्स्पेक्टरांनी कोपरा उचलला. खाली ऑइलचा ओला डाग होता.

"सही कराल? खोट्या कामाला प्रमाणपत्र दिलंत म्हणून तुम्हालाही नोटीस येईल."

"येऊ द्या."

मी सही केली. ही हरकत आता टिकणार नाही, असं ते म्हणाले आणि कागद घेऊन निघून गेले. मला क्षणभर वाटलं, जिंकले.

"चोराच्या उलट्या बोंबा," अध्यक्ष लालबुंद झाले होते. "आम्ही काय तुमच्या घरावर दरोडा घातला होता? प्रमाणपत्र तुम्ही स्वतः आणून दिलंत. भरदुपारी, प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट घालून."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

सून अजून गॅरेजच्या दारातच उभी होती. "आई, तुम्ही दिलंत?"

"हो." इन्स्पेक्टरांपुढं माझा आवाज खणखणीत निघाला होता. हा एवढासा शब्द मात्र मी ऑइलच्या डागाकडे बघत म्हटला.

"मी तीन आठवडे बॅग भरून बसलेय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कालच तुम्ही मला विचारलंत, स्वेटर ठेवलास का म्हणून."

ती रस्ता ओलांडून घरी गेली. मी तिच्यामागं गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?